एस्टीम, नागपूर ते मुनस्यारी: प्रकल्प नोंदी

11 ऑगस्ट 2024, रविवार

बाबांनी अखेर हो म्हटलं. दसरा आटोपला की आई, बाबा आणि मी आपल्याच गाडीने उत्तराखंडातल्या मुनस्यारीला जायचं.

बाबांनी जन्मभर नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवला. नैनसिंह रावतांची गोष्ट ते दर वर्षी नव्या वर्गाला सांगत. 1830 साली जोहार खोऱ्यात जन्मलेला हा माणूस इंग्रजांच्या सर्व्हेसाठी मोजणी करत, यात्रेकरूच्या वेशात तिबेटात ल्हासापर्यंत चालत गेला. जपाच्या माळेत 108 ऐवजी 100 मणी ठेवून पावलं मोजली आणि उकळत्या पाण्यात तापमापक धरून जागेची उंची काढली. 1877 साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. मुनस्यारी म्हणजे त्या जोहार खोऱ्याचं दार. बाबा आता सत्त्याहत्तरचे आहेत आणि ते खोरं त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

गाडी आहे मारुती एस्टीम, 2005ची. 1298 सीसीचं पेट्रोल इंजिन, नवी होती तेव्हा 85 अश्वशक्तीची. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी करून घेतली, ती 2025पर्यंत चालते. पर्यावरण कर भरलेला आहे, विमा आणि पीयूसी चालू आहे. काठगोदामपर्यंत रेल्वे आणि पुढे टॅक्सी हा मार्गही होता. पण आईला दर तासाभराने गुडघे मोकळे करायला उतरावं लागतं आणि परक्या ड्रायव्हरला सारखं थांबायला सांगणं तिला जमत नाही. आपली गाडी असली की ती हक्काने थांबा म्हणते.

आज वही केली. यापुढे जे काम होईल ते इथे लिहीन.

13 ऑगस्ट

मार्ग. दिल्ली आणि आजूबाजूच्या राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला मनाई आहे. हरित लवादाचा आदेश होता आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यामुळे मथुरेपुढे पलवल, फरिदाबाद हा नेहमीचा रस्ता आम्हाला बंद. पण मुनस्यारी आहे उत्तराखंडाच्या कुमाऊं भागात, आणि तिकडे जायचं तर दिल्लीची गरजच नाही. लखनादौन, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, तिथून उजवीकडे हाथरस, कासगंज, बदायूं, बरेली आणि मग हल्द्वानी. हिमाचल किंवा लडाख निवडलं असतं तर हाच प्रश्न गळ्याशी आला असता. ज्यांच्या गाड्या पंधराच्या पुढे गेल्यात त्यांनी नकाशा उघडताना हे आधी पाहावं.

18 ऑगस्ट, रविवार

पहिली तपासणी. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, मी टॉर्च धरला. इंजिन सुकं आहे, ऑइल कुठे गळत नाही, रेस दिली की आवाज एकसारखा येतो. मग तो थर्मोस्टॅटच्या घरावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, याच्यात वॉल्व्ह नसंन." उघडलं तर खरंच रिकामं होतं.

हे समजून घ्यायला नागपूरचा उन्हाळा माहीत असावा लागतो. 23 मे 2013ला इथे 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं. अशा दिवसांत जुन्या गाडीचा काटा चढायला लागला की गॅरेजवाले पहिला उपाय करतात तो थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. आमचीही गाडी मागे कधीतरी एका गॅरेजात या इलाजातून गेलेली दिसते. थर्मोस्टॅट हा मेणाच्या गोळीवर चालणारा साधा दरवाजा आहे. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण 82 अंशांना तो उघडायला लागतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की पाणी कायम रेडिएटरमधून फिरत राहतं. नागपूरच्या मे महिन्यात ते खपून जातं. पण ऑक्टोबरात, दोन हजार मीटरवर, लांबलचक उतारावर इंजिन कधी नीट तापतच नाही. गार इंजिन आहे असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडतो, प्लग काळे होतात, ऑइल जाड राहतं.

मग मिस्त्रीने हीटरचे पाइप दाखवले. इंजिनातून डॅशबोर्डकडे जाणारे दोन्ही होज काढून एकाच तुकड्याने एकमेकांना जोडलेले. म्हणजे हीटरकडे गरम पाणी जातच नाही. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, "नागपुरात हीटर कोण लावते ताई? हीटरची जाळी गळली की पायाशी पाणी येते, मंग लोकं अशीच जोडून टाकून राहिले."

म्हणजे या गाडीत काय खराब झालं याच्या आधी, नागपूरने हिच्यातलं काय काय काढून घेतलं ते पाहायला हवं. कामाची यादी आता त्या क्रमाने करणार.

25 ऑगस्ट, रविवार

रेडिएटर उतरवला. वरची टाकी काढल्यावर जाळीच्या नळ्यांची तोंडं दिसली. मधल्या नळ्या मोकळ्या होत्या, दोन्ही कडेच्या पांढऱ्या क्षारांनी भरलेल्या. बोअरच्या पाण्याचं काम आहे हे. आमच्या भागात घागरीच्या बुडालाही असाच थर बसतो. मिस्त्री म्हणाला, गज घालून साफ करून देतो. मी नवी जाळी घ्यायला सांगितलं. सपाट रस्त्यावर समोरून येणारा वारा अर्धं काम करतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने चढताना वारा नसतो आणि इंजिन पूर्ण जोर लावत असतं. तिथे जाळीची प्रत्येक नळी हवी.

वॉटर पंप, थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज, सगळ्या क्लिपा नव्या. हीटरच्या पेटीला दाब देऊन पाहिलं. गळत होती, तीही बदलली. डॅशबोर्ड खाली उतरवायचं हे काम सगळ्यात वेळखाऊ निघालं. टायमिंग बेल्ट जुना दिसत नव्हता, पण रबर किलोमीटरइतकंच वर्षांनीही मरतं आणि तो कधी बसवला याची नोंद बाबांच्या वहीत नाही. त्यामुळे बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही बदलले.

आता रेडिएटरच्या टोपीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दुकानदारसुद्धा तिला झाकण समजून हातात देतो. टोपीवर 0.9 लिहिलेलं असतं, म्हणजे 0.9 बार दाब. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब आत साठेपर्यंत ती वाफ सोडत नाही. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. समुद्रसपाटीवर या टोपीखाली साधं पाणी साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. मुनस्यारीच्या अलीकडे कालामुनीचा माथा सुमारे 2700 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब खालच्या जेमतेम पाऊणपट. टोपी धड असली तर पाणी तिथेही 114च्या आसपास तग धरतं. टोपीची स्प्रिंग मेलेली असली तर मात्र उघड्या पातेल्यातल्यासारखं 91 अंशांना उकळतं. आणि रेडिएटरचा पंखा सुरूच होतो नव्वदीच्या पुढे! म्हणजे पंखा जागा होण्याआधी पाणी उकळून बाहेर. एवढं सगळं एका टोपीवर. जुनी टोपी मिस्त्रीने पंप लावून तपासली, अर्ध्या दाबालाच सुस्कारा टाकला. नवी आणली, तीही तपासून घेतली.

कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं. बोअरचं पाणी यापुढे या गाडीत जाणार नाही.

1 सप्टेंबर, रविवार

ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागच्या डाव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर पाझरत होता, लायनर ओला झालेला. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर बदलले, पुढचे पॅड नवे, चारही रबरी होज नवे.

ब्रेक ऑइल काढलं ते चहाच्या रंगाचं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 या प्रतीचं ऑइल ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, पाणी शोषलं की तो 140पर्यंत उतरतो. डॉट 4चे हेच आकडे 230 आणि 155. घाट उतरताना सतत ब्रेक दाबले की पॅडची उष्णता ऑइलपर्यंत पोचते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पॅडल पायाखाली फळीला टेकतं. डॉट 4 भरलं आणि चारही चाकांतून स्वच्छ येईपर्यंत ब्लीडिंग केलं, म्हणजे पॅडल दाबून आतलं जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढली. आई खुर्ची टाकून बसली होती. मिस्त्रीच्या पोऱ्याने "दाबा" म्हटलं की मी दाबायची आणि "धरा" म्हटलं की धरायची.

3 सप्टेंबर

काल पोळा, आज तान्हा पोळा आणि मारबत. गॅरेज बंद. बाबांनी घरी बसून टायर पाहिले. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. चार टायर 2021चे निघाले, नक्षी चांगली आहे. स्टेपनी 2012ची. जमिनीला क्वचितच टेकलेली, नक्षी कोरी, आणि भिंतीवर बारीक चिरा. नवी घेतली.

15 सप्टेंबर, रविवार

महालक्ष्म्यांच्या गडबडीत मागचा आठवडा गेला. आज पुढच्या चाकांच्या जोडण्यांचं काम: लोअर आर्मचे बुश, एका बाजूचा बॉल जॉइंट, सीव्ही जॉइंटचं फाटलेलं बूट. इंधनाचे रबरी पाइपही बदलून घेतले, कारण पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि 2005चं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. इंजिनाखाली लोखंडी गार्ड बसवलं.

सुट्या भागांची काळजी होती. एस्टीम बंद होऊन सतरा वर्षं झाली. पण पार्टवाला पहिल्यांदा विचारतो ते "जिप्सीचं चालंन का?" जिप्सी म्हणजे मारुतीचीच जीप. तिच्या एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणाऱ्या, मॉडेलमध्ये हेच जी 13 बीबी इंजिन आहे. लष्कराने जिप्सी वर्षानुवर्षं वापरली, त्यामुळे त्या इंजिनाचे भाग अजून सगळीकडे निघतात. गाडीची बॉडी दुर्मीळ झाली तरी तिचं हृदय अजून बाजारात आहे.

22 सप्टेंबर, रविवार

चाचणी. अमरावती, परतवाडा, चिखलदरा. विदर्भात खरा घाट पाहिजे तर तिकडेच जावं लागतं. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा चढ सुरू होतो न होतो तोच संपतो. चिखलदरा सुमारे 1100 मीटरवर आहे. आम्ही तिघं पूर्ण सामानासह गेलो, कारण रिकाम्या गाडीची चाचणी ही चाचणीच नव्हे. आईने बॅगांत गव्हाचं पीठ भरून वजन केलं होतं.

चढताना काटा मध्यावर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. इतक्या वर्षांत या गाडीचा काटा असा एका जागी राहिलेला मी पाहिला नव्हता. नेहमी तो वाऱ्यासोबत खालीवर हलायचा आणि आम्हाला तोच तिचा स्वभाव वाटायचा.

वर धुकं आणि बारीक पाऊस. काचा आतून धरल्या. हीटर लावून वारा काचेवर सोडला, दोन मिनिटांत समोरचं स्वच्छ दिसायला लागलं. आई मागून म्हणाली, "पाय शेकून निघाले गं." एकोणीस वर्षांत या गाडीतला हीटर तिने पहिल्यांदा अनुभवला. धुक्यातल्या घाटात हीटर ही सुरक्षेची वस्तू आहे हे आज पटलं. त्याचा दुसराही उपयोग आहे. चढावर काटा वर जायला लागला तर हीटर पूर्ण लावून काचा खाली करायच्या. हीटरची जाळी म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच.

उतरताना दुसरा गिअर. ब्रेक दाबायचा, वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. नुसता पाय टेकवून ठेवायचा नाही. खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात नेला. पुढची दोन्ही सारखी तापली होती, मागचीही आपसात सारखी. कुठलाही ब्रेक धरून राहत नाही.

एकच उणीव. क्लच थोडा वर धरतो. प्लेट अजून आहे, केबल समायोजित केली. केबलची एक जादा जोडी सोबत ठेवायची.

12 ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा झाली. झेंडूचं तोरण, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. बाबांनी आपट्याचं पान डॅशबोर्डवर ठेवलं. दीक्षाभूमीमुळे शहर आज माणसांनी भरलेलं, म्हणून गाडी बाहेर काढली नाही.

सोबतचं सामान: क्लच केबल, फॅन बेल्ट, वरचा होज, क्लिपा, फ्यूज, पंख्याची रिले, दोन लिटर कूलंट, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, टो करायचा दोर, हवेचा पंप, चढावर चाकामागे लावायला लाकडाची दोन ठोकळी. माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्यासारखा तापमापक विकत आणला. बाबांनी मागितला होता.

संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात पाणी उकळून पाहिलं: 99 अंश. नागपूर साधारण 310 मीटरवर आहे. झिरो माइलच्या खांबावर 1020.171 फूट हा आकडा कोरलेला आहे. तो खांब 1907 सालचा, ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेचा, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या भारताच्या मोजणीचा. त्याच सर्व्हेचे पहिले प्रमुख विल्यम लॅम्बटन 1823 साली आपल्या हिंगणघाटला वारले, आणि त्याच सर्व्हेने पुढे नैनसिंहांना तिबेटात पाठवलं. बाबा हे सांगायला लागले की त्यांचा आवाज वर्गातला होतो.

14 ऑक्टोबर

पहाटे पाचला निघालो. पेंचच्या पट्ट्यात खालून जनावरांना वाट ठेवून रस्ता वर उचलला आहे, तिथून जाताना उजाडलं. बरमानला नर्मदा. आईने पुलावरून नाणं टाकलं. सागरनंतर बुंदेलखंड, मोठमोठे दगड आणि कमी झाडी. झाशीला मुक्काम. गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

15 ऑक्टोबर

आग्र्यापर्यंत सुरळीत. हाथरसनंतर ट्रॅक्टर, ई-रिक्षा आणि वेगरोधक. गार्ड दोनदा घासलं. कछल्याला गंगा ओलांडली. बरेलीला पोचायला रात्र झाली. पेट्रोलचा हिशेब बाबा लिहितात. आज लिटरला सोळाच्या आसपास पडलं.

16 ऑक्टोबर, कोजागरी

हल्द्वानी सोडली आणि काठगोदामला डोंगर अंगावर आला. खालच्या सपाटीवरून भवालीपर्यंत थेट चढ. काटा मध्यावर.

भवालीनंतर कैंची धामपाशी गर्दीत अडकलो. इंचाइंचाने पुढे सरकत, एकदा पहिला गिअर आणि एकदा हँडब्रेक. मला भीती होती ती याचीच, कारण वारा नाही आणि इंजिन चालू. पंखा सुरू होऊन बंद व्हायचा, पुन्हा सुरू व्हायचा, आणि प्रत्येक वेळी काटा थोडा खाली यायचा. शेजारी एक नवी मोठी गाडी बॉनेट उघडून उभी होती. आम्ही थांबून त्यांना एक लिटर कूलंट दिलं.

क्वारबपाशी डोंगर सुटलेला, एकेरी वाहतूक. वरून माती भुरभुरत होती आणि एक माणूस शिट्टी फुंकत एकेक गाडी पळवत होता. तिथे गाडी बंद पडू नये एवढंच मनात होतं.

अल्मोड्याला संध्याकाळी पोचलो. आईने सोबत चारोळी, बदाम आणि केशर आणलेलंच होतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात विनंती करून दूध आटवलं आणि गच्चीवर चंद्राला नैवेद्य दाखवला. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबालाही दिलं. त्यांनी बालमिठाई आणून दिली, खव्याची, वरून साखरेचे पांढरे दाणे.

17 ऑक्टोबर

धौलछिना, सेराघाट, बेरीनाग, चौकोडी. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात रस्ता सरयूच्या पात्रापर्यंत खाली उतरतो आणि पलीकडून तेवढाच पुन्हा चढतो. उतार एवढा लांब की मध्ये दोनदा थांबून ब्रेक थंड होऊ दिले. रबर जळाल्यासारखा वास आला नाही, पॅडलही पहिल्यासारखंच घट्ट.

दुपारनंतर क्लच जड व्हायला लागला. चौकोडीला पोचेपर्यंत पॅडल दाबताना बारीक करकर लागत होती.

18 ऑक्टोबर

पहाटे चौकोडीहून नंदादेवी, पंचाचुली सगळं उघडं. आई शाल गुंडाळून तासभर बसली.

थल गाठलं. पूर्वेकडच्या रामगंगेच्या काठचं गाव. बाजारात एक छोटं गॅरेज होतं. मुलाने बॉनेट उघडलं आणि लगेच म्हणाला, "अरे, यह तो जिप्सी वाला इंजन है!" तो फौजेतल्या जुन्या जिप्स्या सांभाळतो. क्लच केबल सोडवली. गिअरबॉक्सच्या बाजूला रबरी टोपीखाली तारेचे पदर उलगडले होते, सहा-सात तारा तुटून बाहेर वळलेल्या, उरलेल्या गंजाने तांबूस. अजून दोन-चार वळणांत ती गेलीच असती. नवी केबल आमच्याकडे होती. तिला त्याने ग्रीस लावलं, पॅडलचा खेळ बोटांनी मापून बसवला. मजुरी म्हणून त्याने फारच थोडे पैसे सांगितले. बाबांनी आग्रह करून जास्त दिले आणि त्याला इंजिनाचा हिशेब विचारत बसले.

नाचनीनंतर चढ. बिर्थीचा धबधबा सुमारे सव्वाशे मीटर उंचीवरून पडतो, रस्त्याच्या अगदी जवळ. त्यापुढे वळणांवर वळणं. इथे इंजिनाचा जोर कमी झालेला पायाला स्पष्ट कळतो. उंची दर हजार मीटर वाढली की साध्या इंजिनाची ताकद साधारण दहा टक्के घटते, म्हणजे कालामुनीला आमच्या 85 अश्वशक्तीतली जवळपास पाव गेलेली. वळणावर दुसऱ्यात ओढेना, म्हणून प्रत्येक वळणाआधी पहिला गिअर आणि मग शांतपणे वर. घाई केली नाही. मागून जीप आली की जागा बघून बाजूला व्हायचं, आणि समोरून उतरणारा बहुधा स्वतःच थांबायचा, कारण घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम इथले चालक मनापासून पाळतात.

कालामुनीच्या माथ्यावर कालीचं मंदिर आहे, घंटाच घंटा बांधलेल्या. गाडी बंद केली. टोपीतून पाणी आलं नाही, होज कोरडे, पंखा थोडा वेळ फिरून थांबला. आणि समोर पंचाचुलीची पाचही शिखरं. सगळ्यात उंच 6904 मीटरचं. स्वर्गारोहणाआधी पांडवांनी इथे शेवटचा स्वयंपाक केला असं लोक सांगतात. बाबांनी बॉनेटवर हात टेकला आणि आईला एकेक शिखर दाखवत राहिले.

मुनस्यारीत तिकसेन बाजारापासून जवळच खोली मिळाली.

19 ऑक्टोबर

बाबांचा प्रयोग. खोलीच्या मालकिणीने गॅसवर पातेलं ठेवून दिलं. तापमापक तळाला टेकू न देता वाफेच्या जरा खाली धरला. पारा चढला आणि थांबला 92 आणि 93च्या मध्ये. बाबांनी वहीत भागाकार केला: दर तीनशे मीटरला साधारण एक अंश, म्हणजे सुमारे बावीसशे मीटर. मुनस्यारीची उंची पुस्तकात तेवढीच आहे. बाबा मालकिणीच्या मुलांना बोलावून समजावत बसले, हिंदीत, नागपुरी हेल काढून. मुलं गप्प ऐकत होती. त्यातली मोठी मुलगी म्हणाली, नैनसिंह आमच्या इकडचे, शाळेत शिकवतात. मग तिनेच बाबांना पुढचं सांगितलं. पारा लपवायला कवड्या वापरल्या, प्रार्थनाचक्रात कागद ठेवले.

दुपारी शेरसिंह पांगतींनी उभं केलेलं संग्रहालय पाहिलं. जोहारच्या व्यापाऱ्यांचा मीठ, लोकर आणि धान्याचा व्यापार तिबेटशी चालायचा; 1962च्या युद्धानंतर तो थांबला. त्यांच्या घरातली भांडी, माग, खोगिरं तिथे आहेत. आई मागापाशी थांबली. बाबा नकाशापाशी.

गाडीचं काम: ऑइल पातळी ठीक. एअर फिल्टर झटकला. क्लच हलका.

20 ऑक्टोबर

सकाळी उणे नाही, पण काचेवर दव गोठल्यासारखं. पहिल्या किल्लीला इंजिन सुरू झालं आणि काही मिनिटांत काटा आपल्या जागी आला. थर्मोस्टॅट नसता तर हीच गाडी अर्धा तास गुरगुरत राहिली असती. खाली गोरी गंगेच्या बाजूला फिरून आलो.

25 ऑक्टोबर

आल्या वाटेनेच नागपूर. परतीत नोंदण्यासारखं एवढंच की सागरनंतर पावसाची जोरदार सर आली आणि डाव्या वायपरचं रबर फाटलं.

27 ऑक्टोबर, रविवार

गॅरेजात तपासणी. पुढचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक, दोन्ही बाजूंनी सारखे झिजलेले. मागचे लायनर जवळजवळ नवे. कूलंटची पातळी खुणेवर, रंग स्वच्छ हिरवा. प्लग काढले तर टोकं फिकट तपकिरी, म्हणजे इंजिन योग्य तापमानाला जळत होतं. ऑगस्टमध्ये हेच प्लग काजळीने काळे होते. पुढच्या उजव्या शॉकअपमधून ऑइल पाझरतंय, ती जोडी दिवाळीनंतर. क्लच प्लेट मात्र आता करावी लागणार, कैंचीच्या गर्दीने तिचं बरंच खाल्लं.

मिस्त्री म्हणाला, "ताई, एप्रिलात आणा, वॉल्व्ह काढून देतो." मी नको म्हटलं. जाळी मोकळी आहे, पंखा वेळेवर लागतो, टोपी दाब धरते. मग काढायचा कशाला? तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, बघू, मे महिन्यात दुपारी दोनला वर्धा रोडच्या सिग्नलवर एसी लावून उभी करून पाहू. तारीख ठरवायची आहे.

नोंदणी 2025मध्ये संपते. फिटनेसची कागदपत्रं जानेवारीपासून जमवायची.